हिरवं राहिल्याची लाज

यंदा एप्रिल लागला तसे नळ पुन्हा रुसले. आधी दिवसाआड यायचे, मग आठवड्याने, आता त्यांच्या नावाने माणसं नुसती वर पाहतात. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे या प्लॉटांच्या वसाहतीत, वर पाहिलं की मध्ये आमचं झाड येतं. यवतमाळच्या उन्हात सगळं रंग सोडतं. भिंती पांढुरक्या होतात, बोगनवेल कागदासारखी वाजते, मैदानातलं गवत केव्हाच मातीला मिळालेलं असतं. आणि या सगळ्याच्या वर, तीन मजल्यांएवढं, आमच्या दारचं ख्रिसमस ट्री हिरवंगार उभं असतं. पाहणाऱ्याची नजर त्याच्या शेंड्यापासून घसरत घसरत आमच्या फाटकावर येऊन थांबते. त्या वेळी मी फाटकात असले तर पदर सारखा करते, काहीतरी विसरल्यासारखं दाखवते आणि आत जाते. जन्मभर शाळेत पोरींना ‘मान वर करून बोल’ म्हणत आलेल्या बाईने साठीनंतर असं करावं, याचं माझं मलाच हसू येतं. पण जाते.

ख्रिसमस ट्री हे त्याचं बाजारातलं नाव. आमचे हे त्याला अरोकेरिया म्हणतात, तेही दर वेळी घसा साफ करून. बदल्यांच्या काळात कुठल्याशा डाकबंगल्यासमोर यांनी असं एक झाड पाहिलं होतं. भोवती नुसती हिरवळ आणि मधोमध ते एकटं, सरळ, फांद्यांचे मजलेच्या मजले रचलेले. तेव्हापासून यांच्या डोक्यात बसलं की घर होईल न होईल, पण घरासमोर हे झाड असणार. घर झालं, आणि भिंतींना रंग लागायच्या आधी नागपूरहून हे रोप आलं. एसटीत यांनी ते मांडीवर घेतलं होतं. मला मात्र शेजारच्या सीटवर पिशव्या सांभाळायला बसवलं होतं.

हे झाड गर्दीत लावायचं नसतं. ते चहूबाजूंनी दिसलं पाहिजे, म्हणून आजूबाजूला दुसरं काही नको. माझा मोगरा मागच्या अंगणात गेला, कढीलिंबाने न्हाणीच्या पाण्यावर संसार मांडला आणि पुढची सगळी जागा पाहुण्याला मोकळी झाली. आमची जमीन काळी. पावसाळ्यात पाणी धरून मुळं सडवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. म्हणून यांनी पुरुषभर खड्डा घेतला, काळी माती उपसून बाहेर टाकली आणि मुरूम, रेती, शेणखत कालवून भरलं. पहिले काही उन्हाळे रोपावर माझ्या सुती साडीचा मांडव असायचा. बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर, त्यामुळे ओल टिकते. शेंड्याला तर कुणी बोट लावायचं नाही, कारण शेंडा मोडला की या झाडाचा डौल कायमचा गेला. जूनमध्ये वादळ उठलं की हे खिडकीत उभे राहायचे. घरात कुणी आजारी असलं तरी यांनी इतकी काळजी केली नसेल. वर्षाला फांद्यांचा एकेक मजला चढायचा आणि यांची मान तेवढी आणखी मागे जायची.

माझा भाऊ कळंबचा. चिंतामणीच्या गावचा माणूस, देवासमोरही थट्टा करायला न भिणारा. घरभरणीला आला तेव्हा कमरेएवढ्या त्या रोपाभोवती त्याने प्रदक्षिणा घातली.

“भाऊजी, याले फळ कोनतं येते?”

“फळ नाही. म्हणजे खाण्यासारखं नाही.”

“फूल?”

“नाही.”

“बरं, सावली तं देईन?”

हे वाकून आळ्यातली माती सारखी करू लागले.

“मंग हे झाड हाय का जावई?”

सगळे हसले, हेही हसले. पण उन्हाळ्यात पारा चढला, की रस्त्याने जाणारा माणूस पलीकडच्या रशीदभाईंच्या कडुनिंबाखाली थांबतो, आमच्या फाटकाशी कुणी थांबत नाही, हे मला पहिल्यापासून टोचायचं. आमच्या झाडाची सावली लांब आणि अरुंद. ती सकाळी रस्त्यावर पडते आणि दुपारनंतर शमीमभाभीच्या गच्चीवर जाते, नेमकी तिची वाळवणं असतात तिथे. द्यायची तिथे नाही आणि नको तिथे हजर. शमीमभाभी ही रशीदभाईंची बायको. त्यांचं आर्णी रोडला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. आमच्या दोन घरांत छातीएवढी भिंत आहे, आणि तिच्यावरून इतकी वर्षं वाट्या इकडून तिकडे जात आल्या आहेत.

यांच्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे पाणीपुरवठ्याच्या कामात होते. पाण्याच्या नोकरीत राहून कोरडा राहिलेला माणूस, असं लोक म्हणत आणि ते खरं होतं. यांनी सांगितलं टँकर येईल, की बायका भांडी घासून ओळीत लावत. निवृत्त झाल्यावर लेआउटच्या समितीचं सचिवपद लोकांनी आपणहून यांच्या गळ्यात घातलं. आम्ही फार काही कमावलं नाही, पण यांचा शब्द मात्र होता. माझं नाकही त्या शब्दावरच वर असायचं.

मग तो उन्हाळा आला. रमजान आता सरकत सरकत थंडीत गेला आहे, तेव्हा तो ऐन नवतप्याच्या, मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांच्या, सुमारास होता. त्या उन्हाळ्याचं मला आधी काय आठवत असेल, तर शांतता. एरवी आमच्याकडे मे महिन्यात घराघरातून कूलरची घरघर चालते, ओल्या वाळ्याचा वास गल्लीभर असतो. त्या वर्षी कूलरमध्ये घालायला पाणी कुणाकडे होतं? दुपारी सगळं लेआउट भट्टीसारखं मुकं पडायचं. मग दूरवर टँकरचा हॉर्न वाजला, की चपला, बादल्या, पाइप, पोरं, सगळं एकदम रस्त्यावर. कुरडयांसाठी गहू भिजवायचा, तर तीन दिवस त्याचं पाणी बदलायचं. बायकांनी त्या वर्षी कुरडयाच केल्या नाहीत. चीक शिजल्याचा आंबूस गोड वास नाही, असा उन्हाळा मी दुसरा पाहिला नाही. पाहुणे येतो म्हणाले की मी आधी हंड्यात डोकावून पाहायची. ताटावर हात न धुता ओल्या फडक्याला पुसायची रीत घरात आली आणि आठवडाभरात ती जुनी वाटायला लागली.

त्याच दिवसांत समितीने ठरवलं की झाडांना कुणी पाणी घालायचं नाही. घालेल त्याच्या घरी टँकर थांबणार नाही. हा ठराव यांनीच मांडला होता. मांडताना हे मुद्दाम झाडाकडे पाठ करून उभे होते, ते मला एकटीलाच कळलं असेल. माझा मोगरा गेला. समितीतल्या वानखडे सरांची जास्वंद गेली, कुणाचं लिंबू, कुणाच्या कुंड्या. तुळशीला मात्र लोक चूळ भरल्यासारखं दोन थेंब घालत, त्याकडे सगळ्यांनीच काणाडोळा केला. हे त्या दिवसांत पुढच्या अंगणात फिरकतच नसत. झाड मरताना बघवत नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे, त्याच्याजवळ आपण कुणाला दिसू नये. मागच्या दाराने जायचं, मागच्या दाराने यायचं.

आणि ते झाड मरेना.

सदाहरित म्हणजे काय, हे मी शाळेत मुलींना शिकवलं होतं. खऱ्या अर्थाने कळलं ते त्या मे महिन्यात. सगळ्या लेआउटची झाडं खराटे होऊन उभी, आणि आमचं खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत हिरवं. आधी मला वाटलं, मुळं खोल असतील. मग वाटलं, याची जातच अशी असेल. लोकांना मात्र तिसरंच वाटलं. टँकरच्या रांगेत माझ्या मागे कुजबुज सुरू झाली.

“साह्यबाचं झाड रोज आंघोय करून राह्यलं वाटते.”

“पान्याच्या खात्यातलं झाड हाय ना थे. त्याले काय कमी?”

मी वळून पाहिलं नाही. चोरी न करता चोरासारखं उभं राहणं फार वाईट. हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही. बादली भरली की मी जरा जास्तच हळू चालायची, सांडू नये म्हणून नव्हे, तर माझी बादली घरात जाते, झाडाकडे नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. एकदा रात्री जेवताना यांना म्हटलं, “तोडून टाकू या का?”  हे पानावरून उठले.

शेवटी कुजबुज यांच्या कानावर गेली. यांचा स्वभाव सरळ. ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणाले, आणि वानखडे सरांना नि आणखी चौघांना स्वतः बोलावून आणलं. “या, आळं उकरून पाहा. थेंब सापडला तर सांगा.” मी दारात उभी होते. वानखडे सर बिचारे संकोचाने वाकले, त्यांनी बुडाचं कुटार बाजूला केलं आणि आत बोटं घातली. बोटं वर आली ती ओल्या मातीने माखलेली.

 वानखडे सरांनी हात झटकले. ती माती झटकून जाईना, म्हणून त्यांनी त्या कुटारालाच हात पुसले. हे त्या ओल्या मातीकडे असे पाहत होते, जणू तिने यांचं नाव घेऊन यांना शिवी दिली असावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. “परवाच्या सभेत बोलतो,” एवढं म्हणून हे आत आले.

“मी नाही,” आत आल्यावर मला म्हणाले. “तुला काय वाटून राह्यलं?”

“मला काय वाटायचंय. तुम्हाला खोटं बोलता आलं असतं तर आपला बंगला दुमजली असता,” मी म्हटलं. हे हसले नाहीत. मलाही हसवायचं नव्हतं. प्रश्न उरला तो उरलाच, की पाणी येतं कुठून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वावटळ उठली. गच्चीवर चटईत मूगवड्या घातल्या होत्या, त्या उडतील म्हणून मी डोक्याला पंचा गुंडाळून वर धावले. आमच्याकडे त्या वेळेला माणूस काय, कुत्रंही बाहेर नसतं. चटई गोळा करता करता खाली नजर गेली. भाभी अंगणात पाटावर बसून वुजू करत होती. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे, त्याला वुजू म्हणतात. समोर पसरट टब, तांब्यातून धार अगदी बारीक. कोपरावरून ओघळलेलं पाणीही टबातच पडेल, अशी ती बसली होती. झाल्यावर उठली, कूलरचा जुना पाइप भिंतीवरून आमच्या आळ्यात सोडला आणि मगाने टबातलं पाणी त्याच्या तोंडात ओतायला लागली. घरातल्या सगळ्यांचं, सकाळपासूनचं साठवलेलं असावं. शेवटचा मग ओतून झाल्यावर तिने पाइप गुंडाळला, खांद्यावर घातला आणि आत गेली. रोजा होता. ओठ कोरडे पडलेले मला वरून दिसत होते.

मी खाली येऊन यांना सांगितलं. हे बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटाने काही तरी गिरवत राहिले.

“बरं झालं,” मी म्हटलं. “आता सभेत सांगून टाका. तिने चांगलंच तर केलं. नालीत जाणारं पाणी ते.”

“नालीत जाणारं, हे तू सांगशील, मी सांगीन. ऐकणार कोण?” हे म्हणाले. “आपण थेंबाला तरसतो अन् त्यांच्याकडे झाडाला घालायला पाणी आहे, एवढंच लोक घरी नेतील. आणि ‘त्यांच्याकडे’ हा शब्द हल्ली कसा काढतात, ते तुला ठाऊक आहे. टँकर त्यांच्या दारात थांबायचा नाही. रोजाचे दिवस आहेत.”

सभा मैदानात, सतरंजीवर, ऊन उतरल्यावर. मी बायकांमध्ये बसले होते. हे उभे राहिले, चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला. “पाणी मीच दिलं. चुकलं. ठराव माझा होता, म्हणून शिक्षाही आधी मलाच.” मी सतरंजीचे पट्टे पाहत राहिले. वानखडे सर एवढंच म्हणाले, “साहेब, तुमच्याकून असं वाटलं नव्हतं.” कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सचिवपद गेलं, टँकर काही दिवस आमच्या दारावरून पुढे जायचा. मी डोक्यावर हंडा घेऊन पलीकडच्या लेआउटमध्ये गेले, तर तिथल्या बायकांनी मला रांगेत पुढे घेतलं. मास्तरीणबाई, या तुम्ही आधी. त्या दिवसाइतकी मी आयुष्यात कधी ओशाळले नव्हते.

बातमी भिंतीपलीकडे गेलीच असेल, कारण पाइप पुन्हा दिसला नाही. मी समजले, हे स्वतःच पाणी देत होते असं तिला वाटलं असावं. खालच्या फांद्यांची टोकं तांबूस झाली, आणि हे झाड आता जातं की काय असं वाटेतो पाऊस आला.

लाज एकाच चवीची नसते, हे मला त्यानंतरच्या वर्षांत कळलं. रस्त्यावरची लाज कडू. अजूनही पत्ता सांगताना लोक ‘त्या झाडवाल्या साहेबांच्या घरापाशी’ म्हणतात आणि ओठाच्या कोपऱ्यात हसतात. यांनी समितीच्या सभांना जाणं सोडलं, ते सोडलंच. पण घरात आले की त्या लाजेला एक गोडी असायची. आपण बोललो नाही, आपण सोसलं. ईदला भाभी भिंतीवरून शीरखुर्म्याचं भांडं ठेवायची आणि लगेच वळायची. कामाची घाई, मी म्हणायची. आणि तो शीरखुर्मा खाताना, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात दर वेळी यायचं: बाई, आम्ही तुझ्यासाठी काय केलं ते तुला ठाऊक नाही. खारकेच्या तुकड्याबरोबर मी ते चघळत असे. खरी लाज वाटावी अशी गोष्ट ही होती. पण ती वाटायला मला एवढी वर्षं लागली.

परवा दुपार कलताना भाभीने गच्चीवरून हाक मारली. झाडाची सावली तिच्या सेवयांच्या चादरीवर आली होती आणि तिचे गुडघे आता वाकत नाहीत. मी गेले. आम्ही दोघींनी चादर उचलून उन्हात सरकवली. खाली बसून मोडक्या सेवया वेचत होतो. ती माझ्याकडे न पाहता बोलायला लागली.

“ताई, एक गोष्ट सांगू का तुमाले? रागावान तं नाही ना?”

“सांग ना.”

“थ्या साली तुमच्या झाडाले पानी मी देत होती. वुजूचं. पाक पानी नालीत कायले सोडा, म्हनून. भाईसाब त्या झाडाकडे पाहाचे नाही, मागच्या दारानं जायचे, मले लय वाईट वाटे.” तिने एक सेवई दोन बोटांत मोडली. “मंग मालूम पडलं का भाईसाबनं मीटिंगमंदी सोताचं नाव घेतलं. मले माहीत होतं त्यायनं नाही देल्लं. कुटार वरतून रोज कोरडंच दिसे. मी उठून सांगाले पायजे होतं. आमचे हे म्हने, चूप बस, आपलं नाव येईन. मी चूप बसली. इतके साल झाले ताई, ईदले तुमच्या इथं भांडं ठेवते ना, तं तुमच्या तोंडाकडे पाहाची हिंमत नाही होत.”

 मला वाटलं, आता एका वाक्यात तिचं ओझं उतरवता येईल. मोठेपणानेच म्हटलं असेल मी ते.

“अगं, आम्हाला माहीत होतं. मी गच्चीवरून पाहिलं होतं तुला. सभेच्या आधीच.”

भाभीने मान वर केली. तिचे हात चादरीवर तसेच राहिले.

“मालूम होतं?” ती म्हणाली. “तेव्हापासून?”

“हो.”

“मंग मले काहून नाही सांगतलं, ताई? तुमी एक शब्द बोलल्या असत्या, तं मी तेव्हाच मोकळी झाली असती.”

चादरीच्या कडेला पुन्हा सावली लागली होती. आम्ही दोघींनी चादर सरकवायला हवी होती, पण कुणीच उठलं नाही.  तुझ्यावर आच येऊ नये म्हणून, असं सांगता आलं असतं. पहिल्या वर्षापुरतं ते खरंही होतं. त्यानंतर मी गप्प राहिले, कारण तिच्यावर केलेला उपकार मला एकटीलाच खायचा होता.